धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम : एका विद्यार्थ्याची गोष्ट



बारावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामातली बरीच मुलेमुली शिकायला बाहेर पडतात. कुणी रोज लोकलने मुंबई गाठतो, कुणी पुण्याला किंवा त्याहून लांब हॉस्टेलवर राहतो. त्या दिवसांत पालक आम्हांला भेटतात ते दोन चिंता घेऊन. काहींना वाटते, मुलगा कॉलेजात गेला की मिस्सा सोडील. काहींना उलटी भीती असते. तिथल्या कॅथलिक विद्यार्थी मंडळात रमून तो अभ्यास सोडील. दोन्ही चिंता खऱ्या आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु विद्यार्थ्यांचे असे ख्रिस्ती मंडळ मुळात असते तरी कशासाठी, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही. गाणी, सहल आणि नाताळचा एक कार्यक्रम एवढ्यासाठीच ते असेल तर ते नसले तरी फारसे बिघडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते कशासाठी असावे हे एका विद्यार्थ्याने आपल्या आयुष्यात दाखवून दिले. आज त्याची ओळख करून घेऊ.

फ्रेडरिक ओझानाम हे नाव कदाचित आपल्या कानांवरून गेले नसेल. त्याचे काम मात्र आपण ओळखतो. सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे सभासद घरोघरी जातात, आजाऱ्यांची विचारपूस करतात, कुणाच्या फीची, कुणाच्या औषधांची सोय पाहतात. ही संस्था संत व्हिन्सेंट ह्यांनीच स्थापन केली अशी पुष्कळांची समजूत आहे. संत व्हिन्सेंट १६६० साली वारले. संस्था निघाली १८३३ साली, आणि ती काढणारे बहुतेक सगळे कॉलेजात शिकणारे तरुण होते.

फ्रेडरिकचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी मिलान शहरात झाला. घराणे मात्र फ्रान्समधल्या लिओं शहराचे. तो तीन वर्षांचा असताना सगळे तिकडे परतले. वडील नेपोलियनच्या सैन्यात अधिकारी होते, पुढे डॉक्टर झाले. आईवडिलांना चौदा मुले झाली, त्यांतली मोजकीच जगली. एलिझा ही थोरली बहीण फ्रेडरिकची पहिली शिक्षिका. तो सात वर्षांचा असताना तीही गेली. डॉक्टरसाहेब बरेच रुग्ण पैसे न घेता तपासत, आई गरिबांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करीत असे. म्हातारपणी दोघांनी एकमेकांना बजावले होते की आता चौथ्या मजल्याच्या वर चढायचे नाही. आणि दोघेही एकमेकांची नजर चुकवून चढत राहिले, असे चरित्रकार सांगतात. त्या काळच्या शहरांत गरीब माणूस सर्वांत वरच्या खोलीत राहत असे, कारण तिथले भाडे कमी. ओझानाम घराण्याच्या कथेत जिने फार येतात.

अशा घरातल्या मुलाची श्रद्धा डळमळणार नाही असे आपल्याला वाटेल. पण पंधरा-सोळाव्या वर्षी फ्रेडरिकला शंकांनी घेरले. वर्गातले सोबती देवाधर्माची टिंगल करीत, पुस्तकांत वेगळेच वाचायला मिळे, आणि आपण जे मानतो ते खरे कशावरून, हा विचार त्याला रात्री झोपू देईना. ही फक्त कुमारवयातली चलबिचल म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हती. त्याला खरोखर वेदना होत होत्या. त्याच्या सुदैवाने शाळेत फादर नोआरो नावाचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी त्याला दटावले नाही, आणि आधी पापनिवेदन कर, मग शंका आपोआप जातील, असेही सांगितले नाही. ते त्याला बरोबर घेऊन लांब फिरायला जात आणि सॉक्रेटिसाच्या पद्धतीने प्रश्नावर प्रश्न विचारीत. उत्तर त्याचे त्याला सापडू देत. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली तेव्हा सॉक्रेटिसाची ही पद्धत परीक्षेपुरती पाठ केली होती. ती चालता चालता एका मुलाची श्रद्धा वाचवू शकते हे फादर नोआरोंकडून शिकावे. शंकेतून बाहेर पडल्यावर फ्रेडरिकने देवाला शब्द दिला की आपले आयुष्य सत्याच्या सेवेला वाहीन.

नोव्हेंबर १८३१ मध्ये वडिलांच्या इच्छेप्रमाणे तो कायदा शिकायला पॅरिसला आला. अठरा वर्षांचा मुलगा, पहिल्यांदाच घराबाहेर. ज्या खाणावळीत उतरला तिथली माणसे शुक्रवारी मांस न खाण्यावरून त्याला हसत. त्याने आईला लिहिलेल्या पत्रांतून एकटेपणा नुसता ओघळतो. आपल्या हॉस्टेलवरच्या मुलांना हे वाचून काही वेगळे वाटणार नाही, पत्राऐवजी आता फोन असतो इतकेच.

मग एक मोठीच गोष्ट घडली. विजेचा प्रवाह ज्यांच्या नावाने मोजतात ते शास्त्रज्ञ आन्द्रे-मारी ॲम्पियर ह्यांना भेटायला तो गेला. तेही लिओंकडचे. फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांच्या वडिलांचा शिरच्छेद झाला होता, आणि श्रद्धा हरवण्याचा व पुन्हा सापडण्याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. त्यांनी ह्या मुलाला आपल्याच घरात राहायला जागा दिली. एकदा फ्रेडरिक मन फार उदास झाले म्हणून सें-एतियेन-द्यु-माँ ह्या चर्चमध्ये शिरला, तर एका कोपऱ्यात गुडघे टेकून ॲम्पियर रोझरी म्हणत होते. बापहो, युरोपातला अव्वल दर्जाचा शास्त्रज्ञ, आणि हातात माळ! त्या दृश्याने शंभर प्रवचनांचे काम केले असे म्हणतात, आणि प्रवचन करणारे असूनही आम्हांला ते पटते.

सोर्बोन विद्यापीठात त्या काळी श्रद्धेची चेष्टा करणे ही प्राध्यापकांमधली फॅशनच होती. जूफ्रुआ नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. दैवी प्रकटीकरण ही अशक्य गोष्ट आहे असे ते वर्गात सांगत. फ्रेडरिक आणि त्याच्या सोबत्यांनी आरडाओरडा केला नाही, वर्गावर बहिष्कारही घातला नाही. त्यांनी मुद्देसूद लेखी उत्तर तयार केले आणि सरांना दिले. सरांनी आधी दुर्लक्ष केले. मुलांनी पुन्हा लिहिले. शेवटी सरांना भर वर्गात त्याची दखल घ्यावी लागली. ह्यातून आजच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे हे सांगायला नको. ते पत्र लिहिण्यासाठी त्या मुलांनी आधी किती वाचन केले असेल, एवढेच पाहावे.

पत्रकार एमानुएल बायी हे चाळिशीच्या आसपासचे विवाहित गृहस्थ होते. विद्यार्थ्यांना जमायला ते जागा देत आणि त्यांच्या सभांना मदत करीत. त्यांच्या आधाराने ‘इतिहास परिषद’ नावाची एक चर्चासभा चाले. तिच्यात श्रद्धावंतही असत आणि न मानणारेही. कुणी काहीही मांडावे, दुसऱ्याने खोडावे. फ्रेडरिक तिथला बिनीचा वक्ता होता. १८३३ सालच्या सुरुवातीला अशाच एका सभेत तो ख्रिस्तसभेने जगावर किती उपकार केले ते सांगत होता. मठांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, गुलामांना माणूस मानले. तेव्हा सें-सिमों ह्या विचारवंताच्या पंथातला एक तरुण उठला. भूतकाळाबद्दल त्याला वादच नव्हता. ख्रिस्ती धर्माने एके काळी मोठी कामे केली हे त्याने कबूल केले. पण आज हा धर्म मेला आहे, असे तो म्हणाला, आणि त्याने सरळ विचारले की कॅथलिक म्हणवणारे तुम्ही लोक आज, ह्या शहरात, गरिबांसाठी काय करता आहात ते दाखवा.

त्या वर्षीच्या पॅरिसचा विचार केला म्हणजे ह्या सवालाची धार कळते. आदल्या वर्षी, १८३२ मध्ये, शहरात कॉलऱ्याची साथ येऊन सुमारे १८ हजार माणसे दगावली होती. सर्वांत जास्त मेले ते गरीब वस्त्यांत. विद्यापीठापासून चालत थोड्याच मिनिटांवर मूफतार नावाची वस्ती होती. अंधाऱ्या गल्ल्या, चिंध्या गोळा करणारी, कातडी कमावणारी कुटुंबे, एका खोलीत आठ-दहा जणांचा संसार. ह्या वस्तीच्या कडेने रोज वर्गाला जाणारा फ्रेडरिक मध्ययुगातल्या मठांची महती सांगत होता. त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

अशा वेळी आपण काय करतो? समोरच्याच्या चुका काढतो. तुमचा पंथ तरी काय करतो, असे विचारतो. फ्रेडरिक चिडला नाही. सभा संपल्यावर तो आणि त्याचा मित्र ह्यांनी बोलून ठरवले की हा आरोप खरा आहे, आणि वाद पुरे, आता कृती. २३ एप्रिल १८३३ रोजी सात जण बायी ह्यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत जमले. सहा विद्यार्थी आणि सातवे बायी स्वतः. फ्रेडरिकचा त्या दिवशी विसावा वाढदिवस होता. बायी अध्यक्ष झाले आणि पुढे अकरा वर्षे तेच राहिले. ओझानाम ह्यांनी संस्थेचे सर्वोच्च पद कधीच घेतले नाही. आपण एकटे संस्थापक नव्हे, अनेकांतले एक आहोत, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. आपल्याकडच्या संस्थांच्या निवडणुका पाहणाऱ्यांना हे वाचून गंमत वाटेल.

गरिबांकडे जायचे ठरले, पण जायचे कसे? मुलांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते. बायी ह्यांनी त्यांना सिस्टर रोझली रांद्यू ह्यांच्याकडे पाठवले. संत व्हिन्सेंट ह्यांनी स्थापन केलेल्या डॉटर्स ऑफ चॅरिटी ह्या संस्थेच्या त्या धर्मभगिनी. मूफतार वस्तीत त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे काढली, तिथली प्रत्येक खोली त्यांना माहीत होती. (त्यांनाही २००३ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले.) त्यांनी मुलांना कुटुंबे नेमून दिली, पाव आणि कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि माणसाशी कसे बोलावे ते शिकवले. घाई करू नये, उपदेश करू नये, आधी ऐकून घ्यावे. मग ही कायद्याची, वैद्यकाची मुले दोघा-दोघांनी ते अंधारे जिने चढू लागली. चिठ्ठी दारात देऊन परतायचे नाही, आत जाऊन बसायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचे, हा नियम. सभेच्या शेवटी प्रत्येकाने गुपचूप आपल्या परीने पैसे टाकायचे. आपल्या सोसायटीच्या सभेत आजही अशीच गुप्त वर्गणी होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ह्या मंडळाचा हेतू काय होता? गरिबी हटवणे, असे कुणी म्हणेल. पाच-सात मुलांनी पॅरिसची गरिबी हटणार नव्हती, हे त्यांनाही कळत होते. ओझानाम ह्यांनी पुढे अनेकदा सांगितले की पहिला हेतू होता तो कॅथलिक विद्यार्थ्यांची स्वतःची श्रद्धा टिकावी हा. श्रद्धा नुसत्या चर्चेवर जगत नाही, तिला प्रीतीची कृती लागते, आणि ती कृती मित्रांबरोबर केली की परक्या शहरातही मुलगा एकटा पडत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून जाऊ नये. आपली श्रद्धा शाबूत राहावी म्हणून गरिबाच्या घरी जायचे म्हणजे गरिबाला साधन बनवणे नव्हे काय? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा आक्षेप फार वजनदार वाटतो. ओझानाम ह्यांचे उत्तर त्यांच्या जिने चढण्यातून हळूहळू तयार झाले. तेविसाव्या वर्षी त्यांनी एका मित्राला जे पत्र लिहिले त्यात हा विचार आहे : पुनरुत्थित ख्रिस्ताच्या जखमांत थोमाने बोट घातले, तशा गरिबांच्या जखमा आपल्यासमोर उघड्या आहेत, तिथे आपण गुडघेच टेकायला हवेत. ज्याच्यापुढे आपण गुडघे टेकतो तो आपले साधन राहत नाही. आणि आणखी काही वर्षांनी, लिओंमध्ये व्यापारी कायदा शिकवताना, ते कामगाराच्या न्याय्य वेतनाबद्दल बोलू लागले. दानाने जखमेवर पट्टी बसते, पण जखम होते कशाने हेही पाहायला हवे, इथवर ते पोहोचले. पोप लिओ तेरावे ह्यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक १८९१ चे. हे त्याच्या पन्नास वर्षे आधी.

मंडळ वाढत गेले. १८३४ च्या अखेरीस सभासद शंभरावर गेले आणि भांडण उभे राहिले. त्याचे अनेक भाग करावेत असे ओझानामांचे म्हणणे होते. बाकीचे म्हणत, आपली मैत्री तुटेल. सभा तापल्या, कुणाच्या डोळ्यांत पाणी आले. शेवटी भाग झाले, आणि त्यामुळेच संस्था इतर शहरांत व इतर देशांत जाऊ शकली. १८४४ मध्ये ती डब्लिनला आणि १८४५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसला पोहोचली.

ह्याच काळात ह्या मुलांनी आणखी एक धाडस केले. नोत्र-दाम कॅथीड्रलमध्ये तरुणांच्या प्रश्नांना भिडणारी प्रवचने व्हावीत म्हणून ते आर्चबिशप केलाँ ह्यांच्याकडे गेले, आणि १८३४ मध्ये सुमारे २०० सह्यांचा अर्ज घेऊन पुन्हा गेले. आर्चबिशपांनी प्रवचने ठेवली, पण ती नेहमीच्याच धाटणीची निघाली. मुलांनी चिकाटी सोडली नाही. १८३५ च्या उपवासकाळात फादर लाकोर्देर त्या व्यासपीठावर उभे राहिले आणि कॅथीड्रल तरुणांनी भरून गेले. उपवासकाळातली ही प्रवचनमाला तिथे अजूनही चालते. बिशपांपुढे नम्रपणे पण पुन्हा पुन्हा जाणारे विद्यार्थी असले तर ख्रिस्तसभेचे भले होते. मुलांनी धर्मगुरूंकडेही असेच यावे अशी आमची इच्छा आहे, थोडी भीती वाटत असली तरी.

पुढची वर्षे थोडक्यात. १८३७ मध्ये वडील एका गरीब रुग्णाला तपासायला गेले असता जिन्यावरून पडून वारले. १८३९ मध्ये आई गेली. त्याच वर्षी दान्तेवरच्या प्रबंधाला साहित्याची डॉक्टरेट मिळाली. धर्मगुरू व्हावे की संसार करावा हे कोडे बरेच दिवस सुटेना. २३ जून १८४१ रोजी त्यांनी अमेली सुलाक्रोआ हिच्याशी लग्न केले. दर महिन्याच्या २३ तारखेला ते तिला फुले देत. शेवटच्या आजारपणातही हा नेम चुकला नाही. १८४५ मध्ये मारी ही मुलगी झाली.

सोर्बोनमध्ये ते आता विद्यार्थ्यांच्या बाकावरून प्राध्यापकांच्या खुर्चीवर आले होते. बोलताना सुरुवातीला अडखळत, घाबरत, पण तयारी कसून करीत. विद्यार्थ्यांना त्यांचे दार उघडे असे. लनोर्माँ हे त्यांचे सहकारी प्राध्यापक श्रद्धेकडे वळले म्हणून १८४६ च्या सुमारास मुलांनी त्यांचे वर्ग उधळायला सुरुवात केली. ओझानाम त्यांच्या वर्गात जाऊन बसले, आणि गोंधळ वाढला तेव्हा उभे राहून त्यांनी मुलांना खडसावले की स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी दुसऱ्याचेही स्वातंत्र्य राखावे. ते मुलांना लाडके होते, तरीही त्यांची मर्जी राखण्यासाठी गप्प बसले नाहीत.

१८४८ च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये बेकार कामगारांचा उठाव झाला. रस्तोरस्ती अडथळे उभारून गोळीबार सुरू झाला. ओझानाम नॅशनल गार्डमध्ये पहाऱ्यावर होते. त्यांच्या आणि दोघा मित्रांच्या मनात आले की आर्चबिशप आफ्र मध्ये पडले तर रक्तपात थांबेल. त्यांनी जाऊन तसे सुचवले. आर्चबिशपांच्याही मनात तेच होते. मित्रांनी बरोबर येतो म्हटले, पण त्यांनी येऊ दिले नाही. २५ जूनला अडथळ्यांपाशी ते शांततेचे आवाहन करीत असता गोळी लागली, आणि २७ ला त्यांनी प्राण सोडला. ह्या घटनेनंतर पुष्कळ सुखवस्तू कॅथलिकांनी कामगारांकडे पाठ फिरवली. ओझानाम ह्यांनी फिरवली नाही. लाकोर्देर ह्यांच्याबरोबर काढलेल्या ‘नवे युग’ ह्या पत्रातून त्यांनी मूफतारसारख्या वस्त्यांतल्या उपाशी घरांबद्दल लिहिले, आणि त्यापायी आपल्याच लोकांची टीका सोसली. पत्र पुढच्या वर्षी बंद पडले.

मूत्रपिंडांच्या विकाराने शरीर पोखरले होते. १८५२ मध्ये तापाने अंथरुणावर असताना त्यांना कळले की प्राध्यापक शिकवायला येत नाहीत म्हणून विद्यार्थी कुरकुर करताहेत. घरच्यांचे आणि डॉक्टरांचे न ऐकता ते उठले, वर्गात गेले आणि शिकवले. तो त्यांचा सोर्बोनमधला शेवटचा तास. हवापालटासाठी इटलीत राहिले, तिथेही चालवेल तेवढे चालून सोसायटीच्या शाखांना भेटी देत राहिले. मायदेशी परतताना मार्सेय बंदरात उतरले आणि तिथेच ८ सप्टेंबर १८५३ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी डोळे मिटले. तो दिवस पवित्र मरियेच्या जन्माचा, वांद्र्याच्या मोतमाउलीच्या यात्रेमुळे आपल्या घराघरांत ठाऊक असलेला.

२२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. स्थळ नोत्र-दाम कॅथीड्रल, आणि निमित्त पॅरिसमध्ये भरलेला जागतिक युवा मेळावा. त्यांचा देह त्याच शहरात, सें-जोसेफ-दे-कार्म ह्या चर्चच्या तळघरात आहे. १८७५ मध्ये त्या चर्चला लागूनच एक कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले. तिथे वरून वर्गांना जाणाऱ्या मुलांची ये-जा चालू असते.